पाणी-खत घालूनही लॉन पिवळंच? गवताखालची 'गादी' कशी ओळखायची, कशी काढायची

पुण्यात आणि आसपास सोसायट्यांची, बंगल्यांची लॉन सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन एकच असतो : "दादा, पाणी चालू आहे, खत टाकलंय, औषधही मारून झालं, तरी लॉन पिवळंच दिसतंय." जाऊन पाहिलं की बहुतेक वेळा दुखणं पात्यांच्या आणि मातीच्या मधल्या थरात सापडतं. इंग्रजीत त्याला थॅच म्हणतात. माझ्याबरोबरची माळी मंडळी त्याला 'गादी' म्हणतात, आणि मला तोच शब्द नेमका वाटतो.

लक्षणं

पहिलं लक्षण पायाला कळतं. चप्पल काढून लॉनवर उभे राहा. पाय बोटभर खाली दबला, आणि उचलल्यावर गवत सावकाश वर आलं, तर खाली काहीतरी साचलंय.

दुसरं कापणीच्या दिवशी दिसतं. मशीनची चाकं गादीत रुततात, त्यामुळे पातं नेहमीपेक्षा खाली येतं आणि वरचा सगळा हिरवा भाग कापला जातो. मागे तपकिरी पट्टे उरतात. लोकांना वाटतं मशीन बिघडलं.

पाणी सोडलं की ते वरच्या वर सरकत जाऊन पायवाटेवर येतं, आणि खुरप्याने टोकरून पाहिलं तर खालची माती कोरडी. मार्च-एप्रिलमध्ये एका दिवसाचं पाणी चुकलं तरी दुपारपर्यंत गवतावर राखाडी झाक येते आणि चाललेल्या पावलांचे ठसे तसेच राहतात. खत टाकल्यावर आठवडाभर हिरवंगार, मग पुन्हा पिवळं. पावसाळ्यात गोल तपकिरी डाग पडतात, मधूनच छत्र्या उगवतात.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असली तर गादीचा संशय घ्यायला हरकत नाही. पण फक्त संशय. हुमणी (मुळं खाणारी अळी) लागलेलं लॉन, दाबून घट्ट झालेली माती, मशीनचं बोथट पातं, या तिन्ही गोष्टी लांबून अशाच दिसतात. म्हणून खाली दिलेला क्रम सोडू नका. सुरुवातीचे तपास फुकट आहेत, आणि तेवढ्यातच निम्मी भानगड उलगडते.

गादी होते कशी

गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि शेतकरी जिला वैतागतो ती हरळी, दोन्ही एकच. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळणारं गवत त्याच घराण्यातलं. या गवताचं खोड जमिनीवर आणि जमिनीखालून सरपटत जातं आणि कांड्याकांड्याला मुळं फुटतात. जुनी खोडं मरतात, त्यांच्यावरून नवी पळतात. या खोडांमध्ये लिग्निन भरपूर असतं, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा तोच पदार्थ, आणि जिवाणूंना तो पचवायला फार वेळ लागतो. मरण्याचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की थर चढत जातो.

कापलेलं गवत लॉनवर राहिल्याने गादी होते, हा समज मला जवळजवळ प्रत्येक सोसायटीत भेटतो. पात्यांच्या शेंड्यांमध्ये बहुतेक पाणीच असतं, आणि नियमित, थोडं थोडं कापलं तर ते दोन-तीन आठवड्यांत विरघळून जातात. गादी खोडांची आणि मुळांची होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे उपाय खोडांच्या थरावर आहेत.

आणि सगळीच गादी वाईट नसते. एक सेंटिमीटरपर्यंतचा थर मुळांचं उन्हापासून रक्षण करतो, ओल धरतो, मुलं खेळताना पडली तर मार कमी लागतो. तेवढी असेल तर तिला हात लावू नका.

तपास पहिला : पातं आणि पाती

मशीनचं पातं काढून बघायच्या आधी गवताचं एक पातं तोडून बघा. शेंडा सरळ कापला गेला असेल तर ठीक. तंतू निघालेले, पांढुरके, फाटल्यासारखे दिसत असतील तर मशीनचं पातं बोथट आहे. बोथट पात्याने सगळं लॉन सारखं फिकट दिसतं, गादीमुळे ते पट्ट्यापट्ट्यांनी आणि डागांनी बिघडतं. धार लावून आणणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, म्हणून तो आधी. काही सोसायट्यांत ब्रश कटरनेच लॉन कापतात. तिथे उंच-सखल कापणीचे डाग वेगळे आणि गादीचे वेगळे, हे या पायरीवर कळत नाही. पुढे जा.

तपास दुसरा : खुरप्याने तुकडा काढा

या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

धारदार खुरपं किंवा जुनी सुरी घ्या. लॉनमध्ये तीन इंच खोल तिरका छेद द्या, समोरून दुसरा छेद द्या, आणि कलिंगडाची फोड काढतो तसा तुकडा अलगद बाहेर घ्या. बाजूने बघा. सगळ्यात वर हिरवी पाती. त्याखाली तपकिरी, काथ्यासारखा, एकात एक विणलेला थर. त्याखाली माती. मधला थर अंगठ्याने हलका दाबा आणि शाळेच्या पट्टीने मोजा. दाबल्याशिवाय मोजलं तर फुगलेला आकडा येतो. तुकडा परत जागेवर बसवून पायाने दाबा, दोन वेळा पाणी द्या, आठवड्यात मिटून जातो.

असं किमान चार ठिकाणी करा : एक उन्हात, एक झाडाखाली, एक स्प्रिंकलरच्या अगदी जवळ, एक कोपऱ्यात. एकाच लॉनमध्ये झाडाखाली अर्धा सेंटिमीटर आणि स्प्रिंकलरजवळ तीन, असं मी अनेकदा पाहिलंय. एकाच मोजणीवर पूर्ण लॉनला गादी काढायचं मशीन लावलं तर निम्म्या जागेचं नुकसान होतं.

बाणेरच्या एका सोसायटीतला तुकडा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सात वर्षांचं लॉन. तिथल्या माळीमामांनी खुरपं घातलं, तुकडा उचलला, आणि उलटासुलटा करून मला विचारलं, "दादा, यात माती कुठंय?" तीन इंचांत माती नव्हतीच. पट्टी लावली तर चार सेंटिमीटर निव्वळ गादी, आणि त्याखाली काळपट, कुबट वासाचा चिखलासारखा थर. पिळल्यावर हाताला पाणी लागलं, पण वरचा एक सेंटिमीटर खडखडीत कोरडा. पांढरी मुळं सगळी त्या गादीतच गुंतलेली. एकही मूळ मातीत उतरलेलं नव्हतं. त्या लॉनला दिलेलं पाणी आणि खत सगळं त्या काथ्यात अडकत होतं, आणि ऊन चढलं की काथ्या आधी वाळत होता. मुळं जिथे राहायला गेली होती, तिथे ना सावली होती, ना साठा. लॉन पिवळं का पडतं याचं उत्तर त्या एका तुकड्यात होतं.

आता आकडे. एक सेंटिमीटरपर्यंत : काही करू नका, पिवळेपणाचं कारण दुसरीकडे शोधा. एक ते दोन : दाताळं आणि मातीची चाळ (वरून पसरायचा कंपोस्ट-मातीचा पातळ थर) पुरते. दोन ते तीन : मशीन लागेल. तीनच्या वर : एका दमात काढायचं नाही, दोन हंगामांत काढायचं. चारच्या वर, आणि बाणेरसारखी सगळी मुळं गादीतच असतील, तर काढण्यापेक्षा नवीन लावणं स्वस्त पडतं का, हे आधी तपासा.

मेक्सिकन किंवा कोरियन कार्पेट असेल तर थोडं वेगळं. हे बारीक पात्यांचं झोयसिया गवत आपोआपच उशीसारखे उंचवटे करतं. उंचवटा दिसला म्हणजे रोग झाला असं नाही. इथे पायाच्या लक्षणावर विसंबू नका, तुकडा काढूनच ठरवा.

तपास तिसरा : हुमणी आणि वाळवी

तुकडा काढला त्याच जागी, एक फूट बाय एक फूट लॉन तीन बाजूंनी कापून चटईसारखं उलटा. हुमणीने खाल्लेलं लॉन खालून कापल्यासारखं सुटं येतं, मुळं जवळजवळ नसतातच, आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतात. गादीचं लॉनही चटईसारखं उचलतं, पण त्या चटईतच मुळं भरगच्च असतात. हा फरक नीट बघा. मशीन लावून गादी काढली आणि खाली हुमणी निघाली, तर उरलेली मुळंही आठ दिवसांत जातात.

एका फुटात एखाद-दुसरी अळी असली तर काळजी नाही. पाच-सहाच्या वर असतील तर आधी हुमणीचं बघा, गादीचं नंतर. सकाळी साळुंक्या आणि कावळे एकाच जागी चोची मारत असतील, तर सुरुवात तिथून करा. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसाने जमिनीतून निघतात आणि रात्री कडुनिंब, बाभळीच्या पानांवर बसतात. लॉनच्या कडेला ही झाडं असतील तर जून महिन्यात रात्री बॅटरी घेऊन फांद्यांवर बघा. जुलैनंतर अळ्या मुळांना लागतात.

वाळवी कोरड्या गादीत घर करते. मातीचे बारीक नळ दिसले तर समजा.

तपास चौथा : माती की गादी?

दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा घ्या. लॉनमध्ये दोन बोटं खोल दाबा, पाण्याने भरा आणि पाणी उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. मग शेजारीच गादी खुरप्याने पूर्ण सोलून उघड्या मातीवर तोच डबा, तेवढंच पाणी. मातीत पटकन उतरलं आणि गादीवर अडलं, तर दोष गादीचा. दोन्हीकडे अडलं, तर माती दाबली गेलीये, आणि नुसती गादी काढून उपयोग होणार नाही. ती वर्षाच्या आत परत येईल.

खात्री करायला लांब स्क्रू ड्रायव्हर लावून बघा. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तो हाताच्या जोराने सहा इंच गेला पाहिजे. दोन इंचांवर अडला तर खाली मुरूम किंवा बांधकामाचं डबर आहे. नव्या सोसायट्यांमध्ये हे फारच दिसतं : डबरावर मुरूम, त्यावर चार इंच लाल माती, त्यावर लॉन. मुळांना खाली जायला जागा नाही, म्हणून ती वर राहतात आणि गादीत भर घालतात.

रूळ फिरवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. काळ्या मातीच्या लॉनवर ओलीत रूळ फिरवला की ती विटेसारखी बसते. लॉन नवं लावताना एकदा हलका रूळ समजू शकतो, त्यानंतर नको.

तपास पाचवा : खताचं पोतं आणि पाण्याचा टायमर

गादी कुठून आली हे इथे सापडतं, आणि दुरुस्तीला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. हजार चौरस फुटांना एका वेळी एक किलो युरिया ही वरची मर्यादा धरा, आणि तीही जोमदार वाढीच्या काळात. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी दर पंधरा दिवसांनी मुठीमुठीने अंदाजे टाकतात. गवत भराभर वाढतं, खोडं भराभर मरतात, गादी चढते. पिवळं दिसलं की आणखी युरिया, हे चक्र आधी थांबवा.

पाणी रोज दहा मिनिटं देण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी खोल द्या. रोजच्या शिडकाव्याने फक्त वरचा थर ओला राहतो आणि मुळं तिथेच घुटमळतात. उन्हाळ्यात अंतर कमी करावं लागेल, पण प्रत्येक पाणी मातीत चार-पाच इंच उतरलं पाहिजे, हे खुरप्याने तपासा.

कापणीत एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच घ्या. महिनाभर वाढू देऊन एकदम खरवडलं की खोडं लांबतात आणि नंतर मरतात.

आणि गांडुळं. गादी कुजवायचं खरं काम गांडुळं आणि जिवाणू करतात. कारण नसताना 'प्रतिबंधक' म्हणून मारलेलं कीटकनाशक त्यांनाच मारतं. एका सोसायटीत दर तीन महिन्यांनी फवारणीचं कंत्राट होतं. तिथल्या मातीत मी दोन फूट खणलं, एक गांडूळ मिळालं नाही.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची माती आम्ल असते. पीएच ५.५च्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं. तिथे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून चुना द्यावा लागू शकतो. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, तिथे कुणी चुना सुचवला तर तपासणीचा कागद मागा. बहुतेक वेळा गरज नसते.

काढायची कधी

गवत जोरात वाढत असताना, आणि पुढचे सहा आठवडे वाढत राहणार असेल तेव्हाच. होळी जळाली, थंडी पळाली, की देशावर पहिली वेळ येते. पण ज्या भागात एप्रिल-मेमध्ये टँकरवर दिवस काढावे लागतात, तिथे मार्चमध्ये लॉन उघडं करू नका. पाणी नसेल तर ते जळेल. तिथे जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, उघडीप मिळाली की करा. कोकण-गोव्यात भर पावसात शक्यच नाही, तिथे पाऊस थांबल्यावर ऑक्टोबर. पुण्या-नाशिककडे नोव्हेंबरनंतर नको, थंडीत जखमा भरत नाहीत.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडची थंडीतली गवतं, केंटकी ब्लूग्राससारखी, वेगळ्या तालावर चालतात. त्यांची गादी उन्हाळा सरताना, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये काढतात. परदेशात असाल तर माझं इथलं वेळापत्रक उचलू नका, मोजायची पद्धत मात्र तीच वापरा.

दिवस ठरवताना वापसा बघा. मूठभर माती दाबून गोळा करा. बोटाने टोकल्यावर फुटला तर वापसा आहे. हाताला चिकटला तर थांबा, ओल्या मातीत मशीन गवत मुळासकट उपटतं. भुगा झाला तर दोन दिवस आधी पाणी द्या.

उपाय, हलक्यापासून जडापर्यंत

मातीची चाळ. सगळ्यात सौम्य आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपाय. चाळलेलं कंपोस्ट आणि लॉनखाली आहे तशीच माती, मिसळून अर्धा सेंटिमीटरचा थर. हजार चौरस फुटांना साधारण १६ ते १७ घनफूट, म्हणजे एका ब्रासचा सहावा हिस्सा. फावड्याने फेकायचं आणि खराट्याच्या उलट्या बाजूने पात्यांमध्ये झाडून बसवायचं. शेवटी पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. यामुळे गादीत माती शिरते, ओल टिकते आणि जिवाणूंना काम करता येतं. वेगळ्याच जातीची माती टाकली, उदाहरणार्थ वाळूच्या लॉनवर चिकण काळी, तर दोन थरांमध्ये पाणी अडतं. जिवाणूंची पावडर किंवा द्रावण विकणारे भेटतील. मी ते वापरून पाहिलंय. चाळीबरोबर दिलं तर चालेल, पण नुसत्या द्रावणाने दोन सेंटिमीटरची गादी उतरलेली मी आजवर पाहिली नाही.

दाताळं. बांबूचा पंजा वाळलेली पानं गोळा करायला असतो, गादीला तो पुरत नाही. लागतं ते लोखंडी, ताठ दातांचं. माझं मी लोहाराकडून करून घेतलंय : बारा दात, पट्टीचे, टोकाला वाकवलेले, आतली कड घासून धार दिलेली. आधी दोन टप्प्यांत गवत खाली कापा, मग दाताळं अंगाकडे ओढा, दात मातीला जेमतेम टेकतील एवढ्याच जोराने. एकदा उभं, एकदा आडवं. पाचशे चौरस फुटांपर्यंत हे हाताने होतं, त्यापुढे पाठ राहत नाही. दर दोन-तीन हातांनी थांबून खाली बघा : तपकिरी काथ्या निघतोय तोवर बरोबर, हिरवी टवटवीत खोडं आणि पांढरी मुळं जास्त यायला लागली की जोर कमी करा.

खिळ्यांचे बूट मिळतात, ते घालून लॉनवर चालायचं असतं. घेऊ नका. खिळा माती बाजूला दाबतो, बाहेर काढत नाही, म्हणजे भोकाभोवतीची माती आणखी घट्ट होते. पहारीने भोकं पाडण्याचंही तेच.

पोकळ दातांचं एरेटर. चौथ्या तपासात माती घट्ट निघाली असेल तर हे. दोन-तीन इंच लांबीच्या मातीच्या कांड्या बाहेर काढून लॉनवर टाकतं. त्या उचलू नका. वाळल्या की दाताळ्याने फोडा, ती माती गादीवर पसरते आणि चाळीचं अर्धं काम होतं. कमी गादी आणि घट्ट माती असेल तर फक्त हेच पुरतं.

व्हर्टिकटर. उभी, पक्की बसवलेली पाती फिरतात आणि गादी चिरत जातात. पॉवर रेक म्हणून मिळतं ते वेगळं : त्यात सुटे किंवा स्प्रिंगचे दात असतात, ते ओरबाडतात. हलक्या गादीला ते चालतं, जड गादीला व्हर्टिकटर बरा. हरळीच्या जातीला पात्यांमधलं अंतर इंचभर चालतं. झोयसियाला इंच ते दोन इंच. बफेलो गवत, म्हणजे रुंद जाड पात्याचं, असेल तर किमान तीन इंच आणि फारच हलक्या हाताने, कारण त्याला जमिनीखालचं खोड नसतं. वरची खोडं कापली गेली की परत यायला मागे काही उरत नाही. हरळी जमिनीखालून परत फुटते, म्हणून ती जास्त सोसते.

खोली ठरवायला कोपऱ्यात दोन मीटरचा पट्टा मारून बघा. पाती मातीला नुसती ओरखडा काढतील एवढं खाली. एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त गादी काढू नका, उरलेली पुढच्या हंगामात. काम झाल्यावर लॉन अतिशय वाईट दिसतं. सोसायटीच्या सभासदांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या दिवशी घाबरून कुणी युरिया टाकणार नाही.

निघालेला माल बघून लोक चकित होतात. हजार चौरस फुटांतून पंधरा-वीस पोती सहज भरतात. हा माल फुलझाडांच्या वाफ्यात किंवा शेताच्या बांधावर टाकू नका. हरळीच्या जिवंत कांड्या त्यात असतात आणि पहिल्या पावसात फुटतात. उन्हात पूर्ण वाळवा, मग शेणकाला आणि ओल्या कचऱ्याबरोबर कंपोस्टच्या ढिगात घाला. सहा महिने तरी लागतात.

नंतर पहिला आठवडा रोज हलकं पाणी, मग हळूहळू अंतर वाढवा. दहा दिवसांनी, नवे कोंब दिसले की, नेहमीच्या निम्मं खत. दोरी बांधून महिनाभर लॉन बंद. हरळीची जात तीन-चार आठवड्यांत भरते, कोरियनला दोन महिने लागू शकतात. मोकळ्या जागेत लव्हाळा हे तण डोकं वर काढतं. ते लहान असतानाच खालच्या गाठीसकट उपटा.

इथे थांबा आणि माहितगार माणूस बोलवा

लॉन पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर एरेटर आणि व्हर्टिकटर स्वतः लावू नका. तिथे मातीची खोली कमी असते, खाली निचऱ्याची जाळी आणि वॉटरप्रूफिंग. एकदा ते फाटलं की खालच्या गाड्यांवर पाणी गळतं आणि दुरुस्तीला अख्खं लॉन उचलावं लागतं. मातीची खोली नकाशावरून किंवा सळईने मोजून घेतल्याशिवाय कुणालाही मशीन उतरवू देऊ नका. पार्किंगच्या छताला आधीच ओल असेल तर गादीचं काम बाजूला ठेवा, आधी गळतीचा माणूस.

बागेतल्या दिव्यांच्या केबल बऱ्याचदा गवताखाली दोन इंचांवरच सोडलेल्या असतात. केबल कुठून जाते हे माहीत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून रेषा आखून घ्या आणि काम चालू असताना मेन स्विच बंद ठेवा. स्प्रिंकलरच्या पाइपचीही खूण करा.

हुमणी मर्यादेबाहेर असेल, तर दुकानातून औषध आणून अंदाजे ओतू नका. मुलं, कुत्री, मांजरं त्याच गवतावर लोळतात. कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा परवानाधारक माणसाला अळ्या दाखवून ठरवा.

चार सेंटिमीटरच्या वर गादी, किंवा दोन वेळा काढूनही वर्षात परत आलेली गादी, किंवा चाळ-पाणी-खत सगळं सुधारूनही पावसाळ्यात पाणी तुंबत असेल, तर दोष उताराचा किंवा खालच्या डबराचा आहे. तिथे दाताळ्याने काही होणार नाही.

माणूस आल्यावर त्याच्या हातात चार ठिकाणांची मोजणी द्या : जागा, सेंटिमीटर, तारीख. पात्यांमधलं अंतर किती ठेवणार, किती खोल जाणार, निघालेला माल कोण नेणार, हे विचारा. आणि पूर्ण लॉनला हात लावण्याआधी दोन मीटरचा पट्टा मारून दाखवायला सांगा. त्या पट्ट्यावर तुम्ही स्वतः वाका, काथ्या निघाला की मुळं, ते बघा आणि मगच पुढे जाऊ द्या.